शेंड्याचं फळ

"आजी, इकडं बघा," म्हणत डॉक्टर कुरामोचींनी फिल्म उजेडाच्या काचेवर लावली.

"मी अजून कुणाची आजी नाही," मी म्हटलं. "पोराचं लग्न व्हायचंय. ते होईल की नाही, तेवढं सांगा."

पोरगा, कोसाकु, बाहेर बाकावर बसला होता. बावीस वर्षांचा. त्या नव्या सीटी यंत्रानं त्याच्या डोक्याचे आडवे काप दाखवले होते, सुरी न लावता. आमच्या बागेतलं नारिंगी पर्सिमनचं फळ मधोमध चिरावं तसे. आणि ऐन मध्यावर, बी असते तिथं, पांढरा डाग.

"या गाठीनं वाट अडवलीय, म्हणून मेंदूतलं पाणी तुंबलंय. डोकेदुखी, ओकाऱ्या त्यापायीच. त्याला डोळे वर करता येत नाहीत, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

वाकायामाच्या अख्ख्या डोंगरात कुणापुढं न हरलेल्या माझ्या जिभेनं उलट त्याचीच टर उडवली होती.

आमच्याकडे तोडणीत प्रत्येक झाडाच्या शेंड्याला एक फळ राखतात. पाखरांसाठी, आणि झाडानं पुढच्या साली पुन्हा धरावं म्हणून. यंदा कोसाकुनं झाडागणिक दहा-दहा राखली होती. मी सगळ्या गड्यांदेखत ओरडले होते, "पाखरांचा जावई झालास का रे, आळशा?" डोळे वर चढत नव्हते, म्हणून तो मान मागं टाकून फळं शोधत होता, आणि मला वाटलं, आभाळाकडं बघत जांभया देतोय.

"मग कवटी उघडणार?"

"तिथवर हात नेणं जोखमीचं. आधी डोक्यात बारीक नळी घालून पाण्याला वाट देऊ. मग थोडे किरण देऊ आणि पुन्हा फोटो काढू. गाठ विरघळली, तर ती किरणांना भिणारी जात. कापायला नको. नाहीच विरघळली, तर मात्र..."

"म्हणजे चाखून बघायचं. गोड की तुरट, ते सालीवरून कळत नाही."

"हे कुठं शिकलात?"

"झाडावर."

दोन आठवडे मी त्याच्या उशाशी बसले. एकदा तो म्हणाला, "आई, केस गेले तर पोरगी कोण देईल?"

"तुझ्या बापाचे लग्नाआधीच गेले होते. मी केलंच ना?"

तो हसला. मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या फिल्मा लागल्या. मी काचेला नाक लावलं.

"डॉक्टरसाहेब, डाग कुठं ठेवलात?"

"ठेवला नाही हो. गेला! किरण अजून पुरे करायचेत. पण कापायचं नाही."

गावच्या मुखियापुढंही न वाकलेली मी कमरेत अशी वाकले, की कपाळ टेबलावर आपटलं. डॉक्टर म्हणाले, "आता तुमचाही फोटो काढावा लागेल." बाहेर कोसाकुला आमचं हसू आधी ऐकू गेलं, बातमी मागून.

पुढच्या साली तोडणी संपली. मी त्याला झाडाखाली उभं केलं आणि डॉक्टर करायचे तशी त्याची हनुवटी धरली.

"मान हलवायची नाही. नुसते डोळे वर. काय दिसतं?"

डोळे हळूहळू चढले. पापण्या थरथरल्या.

"एकच राखलंय, आई. आणि त्यावर पाखरू बसलंय. चोच मारतंय बघ."

मी वर पाहिलं. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना नुसतं आभाळ दिसलं, आणि त्यात एक नारिंगी ठिपका.

"बसलंय खरं," मी म्हटलं, आणि त्याची हनुवटी सोडली नाही.