ठोके कुणाचे?

दुपारच्या निवांत घरात कपाटाची कडी खट्कन वाजली आणि माझ्या अंगावर उजेड पडला. मुंगीनं, या घरातल्या पोरीनं, मला शोधून काढलं वाटतं.

मित्रांनो, मी एक जुना, थकलेला डॉप्लर आहे. नाव अवघड, काम सोपं: आईच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवणं. कारखान्यात मला एक कान मिळाला आणि एक गळा. कान म्हणजे वायरला लोंबणारी मूठभर दांडी. पोटाला गार जेली लावून ती फिरवायची. गळा म्हणजे छोटासा स्पीकर. अक्कल मात्र कुणी घातली नाही. समोर जे धडधडेल ते मोठ्यानं सांगायचं, बस्स.

प्रसूतीच्या वॉर्डात माझी हयात गेली. माझा आवाज ऐकून रडणाऱ्या आया पाहिल्या, हसणाऱ्या आज्या पाहिल्या. कौतुक व्हायचं बाळाचं. माझ्या अंगावरची जेली तशीच वाळायची. वायर तुटली की चिकटपट्टी.

एकदा एक मास्तरीणबाई आल्या. दिवस भरायला पुष्कळ अवकाश होता आणि पाण्याची पिशवी आधीच फुटली होती. अशा वेळी मोठी पंचाईत असते. बाळ लवकर काढावं तर ते कच्चं. आत ठेवावं तर जंतू शिरून त्याला संसर्ग होण्याची धास्ती. म्हणून वाट पाहायची, पण डोळ्यांत तेल घालून. संसर्ग होऊ लागला की बाळाचे ठोके धावू लागतात, कधीकधी आईला ताप येण्याच्याही आधी. ते कळायचं माझ्याकडून.

वॉर्डातल्या सिस्टरची एक रीत होती. एक हात पोटावर, दुसरा बाईच्या मनगटावर. दोन्ही ठोके वेगळे लागले, तरच बाळाचे खरे. त्या सकाळी वॉर्ड तुडुंब होता, सिस्टर सलग दुसरी पाळी करत होत्या. मनगट राहून गेलं.

"छान चाललंय हो बाळाचं," त्या म्हणाल्या. ठोके मोजून आलेला आकडाही बाळाला शोभेलसाच होता.

"सिस्टर, माझ्या कानात धडधडतंय ना, अगदी तसंच वाजतंय हे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही वह्या तपासा, हे आम्हाला तपासू द्या." सिस्टर दमल्या आवाजात हसल्या.

"तपासा की. पण माझा हात धरून तपासा."

सिस्टरनी मनगट धरलं आणि त्यांचं हसू विरलं. हाताखालचा ठोका आणि माझा ठोका एकच होता. इतका वेळ मी आईचेच ठोके बाळाचे म्हणून ऐकवत होतो. आईची नाडीच तेवढी धावत होती. सिस्टरनी माझा कान खाली, कुशीकडे सरकवला. नुसती खरखर. मग सापडले ते: भरधाव, शिलाई मशीन थांबवायलाच कुणी विसरल्यासारखे.

डॉक्टरबाई आल्या. "ताप?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

"पोट दुखतंय का हो?"

"नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग बाळ तुमच्या आधी सांगतंय. सिस्टर, रक्त पाठवा, तयारी करा. आता थांबायचं नाही."

मुंगी जन्मली ती ओंजळभर. सिस्टरनीच ते नाव ठेवलं. काचेच्या पेटीत पुष्कळ दिवस काढून, संसर्गातून बरी होऊन, दूध पचवून ती घरी गेली.

पुढे नवी यंत्रं आली, आईचे आणि बाळाचे ठोके वेगवेगळे दाखवणारी. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. भंगारात निघालो, तेव्हा सिस्टरनी मला मास्तरीणबाईंच्या हाती दिलं. "न्या हो. याला तुम्हीच शहाणं केलंत."

मित्रांनो, आता फार बोलवत नाही. यंत्रांना जपा, पुसून ठेवा. पण त्यांच्या आवाजावर विसंबून माणसाचं बोलणं उडवून लावू नका. "मला काहीतरी वेगळं वाटतंय," असं कुणी म्हटलं, तर आधी त्याचा हात धरा.

मुंगीनं माझा कान आपल्या छातीला लावलाय. बॅटरीत थोडी धुगधुगी आहे. मी कण्हत वाजतोय. शेजारी बसून आई तिला ती सकाळ सांगतेय, नेहमीसारखी, मनगटापाशी जरा थांबून. मुंगी सगळं ऐकून घेते आणि विचारते,

"आई, यात तुझेच ठोके वाजत होते, तर तेव्हा माझे कोण ऐकत होतं?"