बाहेरून लावलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. लोखंडाची, वीतभर लांबीची आणि स्वभावाने तिरसट. माझी गोष्ट ऐकून हळहळू नका. हळहळ मागायला मी आलेली नाही.

लोहाराने मला घडवलं. एका सुताराने मला आणि माझ्या जोडीदाराला, म्हणजे कोयंड्याला, विकत घेतलं. पण दाराला बसवलं ते त्याच्या मुलीने. वय अठरा, केसांत भुसा, कानावर पेन्सिल. बापाच्या कारखान्यात ती रंधा असा मारायची, की लाकडावर बोट अडखळत नसे. स्वतःच्या खोलीच्या दाराला तिने मला आतून बसवलं, दोनदा लावून-काढून पाहिलं आणि म्हणाली, "झकास! आता मी म्हणेन तेव्हाच दार उघडेल." एवढं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही.

सहा वर्षांनी तिचं मन आजारी पडलं. ती झोपेना, जेवेना. लाकूड आपल्याला नावं ठेवतं, असं म्हणायची. एकदा भर दुपारी अनवाणी बाहेर पडली आणि रस्त्यात गाड्यांच्या मधोमध उभी राहिली. सुताराची पाचावर धारण बसली. त्याने मला काढलं आणि त्याच दाराला बाहेरून ठोकलं. पोरगी वाचावी म्हणून, असं तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. पण पाहुणे आले की "ती मामाकडे गेलीय" असंही सांगायचा. तेही मी ऐकलंय.

अकरा महिने मी तिच्यावर लागत होते. मला लाज वाटायची. मग मी गंजायला लागले, मुद्दाम! लावताना अशी किंचाळायचे, की शेजारी खिडकीत यायचे. सुताराने तेल घातलं. ते पचवून मी पुन्हा किंचाळले. शेवटी समोरच्या नर्सबाईंनी येऊन विचारलंच, आणि दुसऱ्या दिवशी त्या एका डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या.

डॉक्टरीणबाईंनी रोगाचं नाव सांगितलं नाही. आधी मुलीच्या आईला विचारलं, "तुम्ही घरात याला काय म्हणता?"

आई चाचरली. "आम्ही अडाणी माणसं. आम्ही म्हणतो, पोरीचं मन गावाला गेलंय."

त्या हसल्या नाहीत. तेच शब्द त्यांनी कागदावर लिहून घेतले. "औषध मी देते, ते चुकवायचं नाही. पण गावाला गेलेलं मन परत आलं, तर घरात शिरणार कुठून? कडी तर बाहेरून आहे."

त्या दिवसापासून मला कुणी लावलं नाही. औषधाने आणि आईच्या सोबतीने तिचं मन परत आलं. मधूनमधून जातं, पुन्हा येतं. ती कारखान्यात उभी राहिली, नाव कमावलं. मला मात्र कुणी काढलं नाही. रंगावर रंग चढले आणि मी चाळीस वर्षं तशीच लोंबकळत राहिले.

गेल्या वर्षी तिची भाची घराण्यावर पुस्तक लिहायला बसली. भाचीचे वडील, म्हणजे तिचा थोरला भाऊ, म्हणाले, "कारखान्याचं लिही, आजोबांचं लिही. आत्याच्या आजारपणाचं पान तेवढं काढ. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या तुझं लग्न जमवायचंय."

भाचीने मान खाली घातली आणि पान बाजूला काढलं. माझा जीव तुटला. तेवढ्यात आत्या स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारात आली.

"दादा, सव्वा लाख तुझे. मूठ माझी आहे, आणि मी ती उघडतेय."

मग भाचीला म्हणाली, "मन गावाला गेलं होतं, असं लिही. दार कुणी लावलं तेही लिही. बाबा घाबरले होते, तेही लिही. सगळं लिही."

तिने मला बाहेरून काढलं. आतली जुनी भोकं सैल झाली होती. त्यांत लाकडाच्या काड्या कोंबून तिने मला पुन्हा आतून बसवलं. दार हलू नये म्हणून भावाने ते धरून ठेवलं.

"बाहेरची भोकं बुजवू?" त्याने विचारलं.

"नको. दिसू देत."

अजूनही एखाद्या दिवशी ती मला लावते. भाची टकटक करते. "आत्या, गावाला का?"

"हो गं. संध्याकाळपर्यंत येते."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं मन गावाला गेलं, तर औषध आणा, सोबत बसा, वाट बघा. पण माझ्यासारखीला बाहेरून लावू नका. आणि लावलीतच, तर सांगून ठेवते, मी किंचाळेन.