क्रांजी किंगफिशर्सचं शेवटचं पान

क्रांजी किंगफिशर्सचा इतिहास लिहायचं काम हिराच्या गळ्यात पडलं, कारण नऊ वर्षं दर रविवारी मैदानाकडेला बसून स्कोअरबुक तिनेच भरलं होतं. नवरा, उत्तम, खेळायचा. आणि नुसत्या टाळ्या वाजवत बसणं हिच्या स्वभावात नव्हतं. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरांनी क्रिकेट सोडून बेसबॉलचा संघ काढला, तेव्हा सिंगापुरातले बरेच जण हसले होते. संघ बंद पडूनही आता आठ वर्षं झाली होती, आणि जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यात वाटायला पुस्तिका हवी होती.

घोडं अडलं ते संघ का बंद पडला हे सांगणाऱ्या शेवटच्या पानावर.

"वहिनी, हे काढा," बुकित तिमाहच्या आपल्या कॉन्डोत बसून कप्तान विश्वास म्हणाला. "अंपायर लिमनी चुकीचा निर्णय दिला, हे सगळ्यांना माहीत आहे."

"तुम्ही सांगितलंत म्हणून माहीत आहे, भाऊजी."

वादाच्या त्या सामन्यात बरोबरीला एक रन हवी होती. उत्तम तिसऱ्या बेसवर, बॅट विश्वासच्या हातात. बॉल हळूच पिचरपुढे, म्हणजे बॉल टाकणाऱ्यापुढेच, घरंगळला आणि विश्वास जागचा हलला नाही. जन्मभर क्रिकेट खेळलेला माणूस. मारल्यावर धावायचं की नाही हे आपण ठरवायचं, ही सवय ऐन वेळी आडवी आली. बेसबॉलमध्ये तशी मुभा नसते. उचलताना पिचरच्या हातून बॉल एकदा निसटलासुद्धा, तरी हा उभाच. लिमनी आउट दिलं. लाजेपोटी विश्वासने बॉल रेषेबाहेर होता, धावायची गरजच नव्हती, म्हणून आकांडतांडव केलं, लिमना पक्षपाती ठरवलं. फुकटात अंपायरिंग करणारा तो भला माणूस पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही. दुसरा अंपायर मिळेना, आणि दोन महिन्यांत संघाने मान टाकली.

हिराने तेव्हा सगळं पाहिलं होतं आणि तोंडातून ब्र काढला नव्हता. ते तिला अजून खात होतं.

"माझं नाव तरी गाळा," विश्वास काकुळतीला आला.

"संघ तुम्ही काढलात, तेही पहिल्या पानावर आहे. दोन्ही राहील. आणि छापण्याआधी हे पान तुम्ही लिमना वाचून दाखवायचं. नाहीतर पुस्तिका विसरा."

तिच्यापुढे त्याची मात्रा चालली नाही. रविवारी दोघं चोआ चू कांगला लिमकडे गेली. लिमचा ब्लॉक हिराच्या घरापासून चालत चार मिनिटांवर होता. विश्वासने पान इंग्रजीत वाचलं. शेवटी "सॉरी" म्हणून त्याने हात जोडले.

म्हाताऱ्या लिमनी ऐकून घेतलं आणि ते आपल्या सिंगापुरी ढंगाच्या इंग्रजीत म्हणाले,

"दॅट डे यू नेव्हर रन, ओके लाह. एनीबडी कॅन मेक मिस्टेक. बट एट इयर्स, नोबडी कम."

विश्वासने मान खाली घातली. लिम मात्र हिराकडे बघत होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पर्समधून पेन काढलं, विश्वासच्या हातातलं पान घेतलं आणि तळाशी लिहिलं: 'स्कोअरर हिराने सगळं पाहिलं होतं. तीही गेली नाही.'