टाकळ्यातला मध

"मी चोर?" दत्ताराम गॅलरीतूनच ओरडला. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबण.

खाली अंगणात मार्तंड नारळ घेऊन उभा होता. सरकारी वर्गाला जाऊन त्याने मधमाश्यांची पेटी आणली होती. मुलुंडच्या त्या चाळीमागचं माळरान टाकळ्याच्या फुलांनी पिवळंधमक झालं, तसा गडी हवेत! घरटी वाटीभर मध देतो म्हणाला. आज पेटी उघडली, तर पोळं ठणठणीत कोरडं. पेटी गॅलरीत, तिला लागून खिडकी दत्तारामची. झालं!

"मी कुणाचं नाव घेतलंय?" मार्तंड म्हणाला. "गाऱ्हाणं घालतो. देव काय तो बघून घेईल." आणि गावच्या रीतीने सुरूच झाला, "बा देवा महाराजा, ज्याने मध चाटला त्याची जीभ झडू दे!"

"होय महाराजा!" चाळ गरजली. नजरा सगळ्या दत्तारामकडे. त्याची बायको विमलासुद्धा त्याच्याच तोंडाकडे बघत होती!

दत्तारामचं टाळकं सणकलं. गिरणीत जन्म गेला, कधी सुताचा तुकडा उचलला नाही, आणि हा माश्यांच्या थुंकीपायी इज्जत काढतो? तसाच खाली उतरून, मनगट धरून त्याने मार्तंडला टाकळ्यात ओढत नेलं. मागून अख्खी चाळ.

"चोख हे फूल! बघू दे कुठाय तुझा मध!"

मार्तंडने चोखलं. दुसरं चोखलं. तोंड वाकडं झालं. "काहीच नाही रे यात."

दत्ताराम रागात बोलून गेला होता. आता स्वतः चोखलं, तर खरंच काही नाही!

तेवढ्यात एक काळा भुंगा आला. फुलाला घट्ट बिलगला आणि अंग थरथरवलं, गुर्रर्र! पिवळी पूड भसकन त्याच्या पोटावर. तसाच माखलेला तो पुढच्या फुलावर.

"अहो, हा पूडच न्यायला येतो!" विमला म्हणाली. "या फुलाची त्या फुलाला लावतो, म्हणून तर टाकळ्याला शेंगा धरतात."

"म्हणजे मध नव्हताच?" मार्तंड पुटपुटला.

"नव्हताच! आणि तू माझी जीभ झडवत होतास!"

चाळ खो खो हसली. दत्ताराम नाही हसला.

"चुकलो यार," मार्तंड हळूच म्हणाला.

"इथे भुंग्याला काय सांगतोस? अंगणात चल."

मार्तंड अंगणात उभा राहून ओरडला, "दत्ताराम चोर नाही!"

"झकास. आता बाकीचे. होय महाराजा म्हणताना घसे बरे मोकळे होते! एकेक जण पुढे या."

आणि पहिली उभी केली ती विमला.