हरवलेले दीड फूट

घराची किल्ली हातात आली त्या दिवशी मास्तरांच्या बायकोने सगळ्यात आधी मागचं दार उघडलं. पुढचं दार जगाचं, मागचं आपलं, असा तिचा हिशेब. मागे लांबट मोकळी जागा होती. तिथे गुडघाभर गवत, गवतात एक फुटकी बादली आणि बादलीत एक मांजर झोपलेलं. मांजराने एक डोळा उघडला, नव्या मालकिणीला न्याहाळलं, आणि घर आपल्याच नावावर असल्यासारखा तो पुन्हा मिटला.

मास्तर म्हणजे शिंपी. अर्धा जन्म दोघांनी दुकानावरच्या खोलीत काढला होता. तिथे एकाने कूस बदलायची तर दुसऱ्याला आधी कळवावं लागे. म्हणून ही मागची जागा बघून तिला रडूच यायचं बाकी होतं. तिथे ती आपल्या बाबांसाठी खोली बांधणार होती.

बाबा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. पुढे बँड निवृत्त झाला, बाबा झाले नाहीत. ते मुलाकडे राहत, आणि सुनेने त्यांची सोय काचा लावलेल्या बाल्कनीत केली होती, चपलांच्या कपाटाशेजारी. माणूस विजेच्या खांबाएवढा, बाल्कनी खोक्याएवढी. बाबा गुडघे पोटाशी घेऊन झोपत आणि सकाळी घडी मोडल्यासारखे उठत. घराची बोलणी पक्की झाली तेव्हाच लेकीने फोनवर सांगितलं होतं, बाबा, आता पाय लांब करून झोपायचं.

गवंडी दोरी आणि खुंट्या घेऊन आला, पण माप मास्तर स्वतः घेणार होते. दुसऱ्याच्या मापावर त्यांनी आयुष्यात कात्री चालवली नव्हती. त्यांची टेप कापडी, पिवळी, त्यांच्या उस्तादांनी दिलेली. ती दिवसभर गळ्यात असे. माप घ्यायच्या आधी दोन्ही टोकं धरून तिला एक झटका द्यायचा, ही उस्तादांचीच शिकवण. झटका दिला की टेप जागी होते म्हणे. मास्तरांनी ती वर्षानुवर्षं इतकी जागी केली होती की बिचारीला झोप म्हणून माहीत नव्हती.

घराच्या कडेच्या बोळातून, रस्त्यापासून मागच्या कुंपणापर्यंत, मास्तर गुडघ्यावर सरकत गेले. प्रत्येक मापाला जमिनीत एक टाचणी रोवायची, तिथून पुढचं माप. गवंडी मागून विडी ओढत, टाचण्या वाचवत चालला होता. कागदावर प्लॉटची लांबी साठ फूट होती. टेपवर साडेअठ्ठावन्न भरली.

मास्तरांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढीच.

गवंड्याने शांतपणे समजावलं. कुंपणापासून नियमाप्रमाणे तीन फूट सोडायचे, घराच्या भिंतीपासून पन्हळीला जागा सोडायची, मग जे उरेल त्यात खोली. आता त्या उरलेल्यातून दीड फूट वजा. "खाट बसेल मास्तर," तो म्हणाला, "पण सासऱ्यांचे पाय दाराबाहेर. दाराला भोक ठेवू म्हणता?"

कुंपणापलीकडे खिळेमावशी राहत. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. आता ते पुतण्या चालवत होता आणि मावशी पुतण्याला चालवत होत्या. त्यांच्या कुंपणाला नुकताच हिरवा रंग दिलेला होता. मास्तरांना एवढा पुरावा पुष्कळ झाला. प्रामाणिक माणूस कुंपणाला कशाला रंग देईल? आधी सरकवलं असेल, मग खुणा झाकायला रंग.

मावशी मास्तरांच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. त्यांचा कोट दुकानात शिवायला पडला होता, एक बाही लावून झालेली. मास्तरांनी दुसरी बाही लावायचं थांबवलं. मावशींनी विचारायला माणूस पाठवला, तर निरोप गेला की हल्ली सगळ्यांचंच काही ना काही कमी भरतंय. मावशींना यातलं काही कळलं नाही. त्यांनी मास्तरांना उन्हाचा त्रास झाला असं समजून सरबताची बाटली पाठवली. मास्तरांनी ती प्यायली, पण राग सोडला नाही.

बायको पडदे शिवता शिवता गुणगुणायची. तिच्या तोंडी शब्द आपोआप दोन-दोन ओळींत बसत.

नवं माझं घर, दारी ऊन गं मावेना,
बापाच्या खाटेला, परी जागा ती गावेना.

शेवटी मास्तरच म्हणाले की आपण मावशींवर दावा लावू, तू वडिलांना सांगून टाक, कोर्टाचं काही ठरेपर्यंत धीर धरा. तिने फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मागे वहिनी चपलांचं कपाट आपटत होती.

"अगं, एवढंच ना," बाबा म्हणाले. "मी पाय दुमडून झोपतो. आता तर लांब केले की झोपच येत नाही मला."

तिने फोन ठेवला, पडदा बाजूला टाकला आणि सुई तोंडात धरूनच मागच्या दाराने बाहेर पडली. मास्तर तिच्या मागे. इतक्या वर्षांत त्यांनी तिला असं चालताना एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा घरमालकाने भाडं कमी केलं होतं.

मावशी कुंपणापाशी मिरचीच्या रोपांना पाणी घालत होत्या.

"मावशी," ती सुई काढून म्हणाली, "आमचं दीड फूट परत करा. माझ्या बापाचे पाय आहेत त्यात."

मावशींनी झारी खाली ठेवली. कोण, काय, कधी, सगळं नीट विचारून घेतलं. चोरीचा आळ त्यांना तितकासा लागला नाही. पण आपल्या हयातीत कुणी कापडी टेपने जमीन मोजली, हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. त्या आत गेल्या आणि लोखंडी टेप घेऊन आल्या. लांबच लांब, चाकावर गुंडाळलेली, सोडली की सापासारखी परत जाणारी. एक टोक रस्त्याकडे, बोलावून आणलेल्या गवंड्याने धरलं, एक कुंपणाला मावशींनी.

साठ फूट. आणि वर चार बोटं.

मांजर बादलीतून उठून ऐकायला आलं. मावशींनी मास्तरांच्या गळ्यातली टेप हलकेच ओढून घेतली आणि कुंपणाच्या फळीवर दोन्ही टेपा शेजारी शेजारी ठेवल्या. पिवळीवरचा पहिला फूट लोखंडीच्या फुटापेक्षा नखभर लांब. पुढे पुढे तर ती पिवळी लाजलज्जा सोडून पसरलेली. लांब फुटांनी मोजलं तर फूट कमीच भरणार. जमीन जागच्या जागी होती, टेप वाढली होती.

मास्तर मटकन बादलीवर बसले.

मास्तरांच्या दुकानाची सगळ्या वस्तीत ख्याती होती. त्यांचे कपडे अंगाला कधी काचत नसत, कारण कापडही त्याच टेपने बेतलेलं असे. आणि त्यांच्याकडे कुणाची कंबर वाढत नसे. माणसं वर्षानुवर्षं जेवत होती, टेप वर्षानुवर्षं ताणली जात होती, आणि आकडा तिथल्या तिथे. लोक म्हणत, मास्तरांचा हात शुभ आहे.

बायकोचा हात नकळत कमरेला गेला. "म्हणजे माझी कंबर अहो..."

"तुझी राहू दे," मावशी म्हणाल्या, "मी या आकड्यावर जन्मभर बहिणींपुढे तोरा मिरवलाय."

मास्तर पडेल आवाजात म्हणाले की ते उद्याच नवी टेप आणतील, ही जाळून टाकतील. आणि माफी मागितली, खाली गवताकडे बघत, पण मागितली.

"जाळलीत तर खरंच कोर्टात जाईन," मावशी म्हणाल्या. "मला चोर म्हणालात, त्याचा हा दंड. जमीन माझ्या टेपने, माझा कोट तुमच्या टेपने. आणि दुसरी बाही उद्याच्या उद्या."

त्या दिवशी पडद्याला झालर लावताना बायको नव्या दोन ओळी म्हणत होती, मास्तरांना ऐकू जाईल इतपत:

नवऱ्याची टेप माझ्या, रबराची तिची जात,
साठामधले दीड फूट, बसल्या जागी खात.

खोली उभी राहिली. बाबा आले, एका हातात पिशवी, दुसऱ्यात ट्रम्पेटची पेटी. मास्तरांनी त्यांना नवा सदरा शिवायला घेतला. छातीला पिवळी टेप लावली, झटका मात्र दिला नाही. "फुगवू का, जावईबापू?" बाबांनी विचारलं. बँडवाल्यांची छाती. मास्तर म्हणाले, गरज नाही, यात सगळं मावतं.

मग बाबा खाटेवर आडवे झाले. आधी सवयीने गुडघे पोटाशी घेतले. लेक दारात उभी राहून बघत होती. हळूहळू एक पाय लांब झाला, मग दुसरा. पावलांनी भिंत चाचपली. भिंत लागली नाही. बाबांनी अंगठे हलवून बघितले, तरी लागली नाही.

सकाळी, मांजर अजून बादलीतच होतं तेव्हा, बाबा खिडकीत बसले, छाती भरून घेतली आणि ट्रम्पेट ओठाला लावला. इतकी वर्षं बाल्कनीत कोंडलेला तो सूर असा सुटला की मांजर बादलीसकट उलटलं.

थोड्या वेळाने, ट्रम्पेट चालूच असताना, कुंपणापलीकडून ठोकाठोकी ऐकू आली. लेक धावत बाहेर गेली. मावशी हातात पहार घेऊन स्वतःच्या कुंपणाचे खांब उपटत होत्या, दोन्ही बाह्यांचा नवा कोट घालून.

"मावशी, हे काय करताय?"

"दीड फूट मागे घेतेय," मावशी म्हणाल्या. "तेवढंच लांब."