पोलादावरचं गंध

कोइम्बतूरच्या कारखान्यांत आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, गंधातून काही सुटत नाही. लेथला गंध, पान्यांना गंध, फाटकाच्या कुलपाला गंध, हिशेबनिसाच्या कॅल्क्युलेटरलाही गंध. एका साली कुणीतरी डुलकी घेणाऱ्या वॉचमनच्या कपाळालाही लावलं होतं. तोही कारखान्याचं हत्यारच, फक्त गंजलेलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

यालिनीला त्या पंपांच्या कारखान्यात लागून चार महिने झाले होते. इंजिनीअर झाल्यावरची ही पहिलीच नोकरी, आणि वर्ष उमेदवारीचं. ते नीट पार पडलं तर कायम, नाहीतर परत सोमनूरला, बापाच्या यंत्रमागांच्या खडखडाटात. बाप मात्र "माझी पोर इंजिनीअर" म्हणून गल्लीभर आधीच मिरवून बसला होता. तपासणीच्या खोलीत ती एकटीच मुलगी, त्यामुळे गंध लावायचं काम ओघानेच तिच्याकडे आलं.

त्या खोलीत घासून आरसा केलेला एक पोलादी तुकडा होता. त्याला सगळे मास्टर म्हणत. रोज सकाळी मोजमापाचं घड्याळ त्याच्यावर टेकवून काटा शून्यावर आणायचा आणि मग दिवसभर त्या काट्याच्या भरवशावर पंपांचे शाफ्ट घासायचे. पूजेला गंध लावायचं ते मास्टरच्या डबीला, मास्टरला नाही, हे तिला बजावून सांगितलं होतं. पण साऱ्या खोलीचा देव हाच आणि याचंच कपाळ कोरडं? तिच्या जिवाला ते बरं वाटेना. तिने करंगळीने चंदनाचा ठिपका दिला, वर कुंकू टेकवलं आणि मनापासून हात जोडले.

विजयादशमीला राहुकाळ लागायच्या आत पहिला शाफ्ट निघायला हवा होता. कोहळा फुटला, कापूर पेटला. घासायच्या यंत्रावरचे चेन्नियप्पन अण्णा तिला लाडाने अम्मिणी, म्हणजे पोरी, म्हणायचे. ते ओरडले, "अम्मिणी, काटा लाव लवकर! राहू काय तुझा मामा आहे, थांबायला?" यालिनीने ओढणीने मास्टर खसाखसा पुसला आणि काटा शून्यावर आणला.

संध्याकाळी स्पिरिटने पुसताना फडक्यावर पिवळट डाग उमटला. वाळलेल्या चंदनाचा पापुद्रा, केसाहून बारीक. पण तेवढ्याने काटा खोटं बोलला होता आणि दिवसभराचे शाफ्ट तेवढ्यानेच जाड निघाले होते. एव्हाना ते जोडणीला गेलेही होते. एवढ्याशाने काय होतंय, असं स्वतःला सांगत तिने बस गाठली. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फारसा वेळ लागत नाही.

पोंगलच्या तोंडावर पंप परत येऊ लागले. शाफ्टवर बेअरिंग घट्ट बसून जळालेली. माग काढला तर सगळे शाफ्ट एकाच दिवसाचे, एकाच हातचे. हात चेन्नियप्पन अण्णांचा. यालिनीच्या जन्माआधीपासून ते त्या यंत्रावर होते, पण अजूनही ठेकेदाराचा माणूस म्हणूनच. म्हणजे काढायला सोपे.

अण्णांच्या पोटावर पाय येणार हे कळताच यालिनी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. "वरदराजुलू सार, मास्टरवर चंदन राहिलं होतं. मीच लावलं होतं."

सारांनी चष्मा काढला. "हे आणखी कुणाला बोललीस?"

"नाही सार."

"मग मलाही बोलली नाहीस. आपल्या मोजमापात गंध येतं असं बाहेर कळलं, तर वर्षभराचा माल दारात येऊन पडेल. म्हाताऱ्याचा हात चुकला म्हटलं, तर एका दिवसाचा. आणि तू अजून उमेदवारच आहेस ना? मग झालं तर."

दुपारी अण्णांना बोलावलं. "सार, एकेक शाफ्ट मोजलाय मी. काटा बरोबर दाखवत होता," ते ठासून म्हणाले.

सार यालिनीकडे वळले. "मास्टर ठीक होता?"

तिला सोमनूरची गल्ली दिसली, बाप दिसला. "ठीक होता सार," ती म्हणाली.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "अम्मिणी म्हणते म्हणजे ठीकच असणार," ते हळूच म्हणाले. "माझेच डोळे गेले म्हणायचे."

वर्ष सरलं आणि ती कायम झाली. बापाने गल्लीत मैसूरपाक वाटला. तिने आपल्या वाट्याचा तुकडा शेजारच्या पोराला देऊन टाकला. पुढच्याच रविवारी तिने अण्णांचं घर शोधून काढलं. ते आता एका लग्नाच्या हॉलबाहेर गाड्या लावून घ्यायचं काम करत होते.

"दोन वर्कशॉपवाले यंत्रावर बोलवायला आले होते," त्यांची बायको दारातच सांगू लागली. "डॉक्टर म्हणतो, डोळे घारीचे आहेत. पण ऐकतील तर ना! दाढीसुद्धा स्वतः करत नाहीत आता. हात चुकेल म्हणे." आणि ती कॉफी करायला आत गेली.

यालिनीने अण्णांना सगळं सांगितलं. गंध, ओढणी, पिवळा डाग, सारांची केबिन. काही म्हणजे काही लपवलं नाही. ऐकता ऐकता अण्णा हसू लागले.

"किती गं मायेची तू! म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून चूक स्वतःच्या माथी घेतेस?"

"अण्णा, खरंच सांगते. पाया पडते तुमच्या."

"उठ, उठ, वेडी आहेस का? तेव्हा सारांसमोर म्हणालीस ना, ठीक होता म्हणून? शिकलेली पोर तू, कुणाच्या पोटावर पाय देऊन खोटं बोलशील होय?"

ती ओक्साबोक्शी रडू लागली. अण्णा तिच्या डोक्यावरून हात फिरवत तिचीच समजूत घालत राहिले. त्यांची बायको पेला घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती. तिने सारं ऐकलं होतं. यालिनीकडे एकवार बघून ती पेल्यासकट आत परतली.

"अगं, पोरीची कॉफी कुठे राहिली?" अण्णांनी हाक मारली.

आतून मोरीत कॉफी ओतल्याचा आवाज आला.