मुकी केलेली गाडी

घड्याळजींची पहिली गाडी मुकी होती. दार नीट लागलं नाही तरी बोलायची नाही, पेट्रोल संपलं तरी बोलायची नाही. मधेच उभी राहिली की समजून घ्यायचं. त्याच गाडीतून पडदेवाल्या काकूंनी, म्हणजे घड्याळजींच्या बायकोने, तीस वर्षं लोकांच्या घरी पडदे शिवून पोचवले. लेक तर मागच्या सीटवर, कापडाच्या ताग्यांवर झोपूनच मोठी झाली. सीटचा पट्टा कधी कुणी लावला नाही. कुणाला कधी काही झालंही नाही, आणि तेच पुढे नडलं.

लेकीने हौसेने घेऊन दिलेली दुसरी गाडी मात्र बोलकी निघाली. घड्याळजींनी पट्टा लावला नाही की टुण, टुण, टुण. पडदे पोचवायचे म्हणजे दर चार घरांवर थांबायचं, उतरायचं, पुन्हा बसायचं. एवढ्याशा अंतराला पट्टा कोण लावणार?

"अहो, हिचं तोंड बंद करा," एक दिवस काकू डोकं धरून म्हणाल्या. "नाहीतर मी पडदे डोक्यावर घेऊन चालत जाते."

"लेकीने म्हातारपणी सासू दिलीय आपल्याला."

"माझी सासू निदान मधे श्वास तरी घ्यायची. जन्मभर गजराची घड्याळं दुरुस्त केलीत, आणि एवढी एक टुणटुण थांबवता येईना?"

हे मात्र घड्याळजींना लागलं. दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याकडून त्यांनी जुन्या पट्ट्याचं लोखंडी टोक आणलं. दुकान बंद झालं तरी हत्यारं होतीच. कानशीने कडा घासल्या, तेलाचा थेंब सोडला आणि ते टोक आपल्या सीटच्या खटक्यात बसवलं. टक्. गाडीला वाटलं, पट्टा लागला. काकूंनी टाळ्या वाजवल्या होत्या. खरंच वाजवल्या होत्या.

"गल्लीबोळात हे," घड्याळजी म्हणाले, "आणि मोठ्या रस्त्याला लागलो की हे काढून खरा पट्टा. घड्याळजीचा शब्द."

सहा महिने शब्द पाळला. मग एखाद्या दिवशी विसरायला लागले. "अहो, पट्टा," काकू म्हणायच्या, की लगेच लावायचे. पुढे विसरणं रोजचं झालं आणि सांगणंही रोजचं झालं. गाडी जे करायची ते आता काकू करत होत्या. फरक इतकाच, की गाडीला दुसरं काम नव्हतं.

त्या दिवशी शाळेच्या सभागृहाचे पडदे द्यायचे होते. एकशे बारा हुक लागणार होते, आणि घाईत पिशवी न मोजताच घेतली होती. काकू पुढच्या सीटवर बसून मांडीवर हुक मोजू लागल्या. त्यांचा पट्टा लागलेला होता, कारण त्यांच्या बाजूची टुणटुण शाबूत होती.

त्र्याऐंशीला त्यांनी मान वर केली. मोठा रस्ता लागला होता. घड्याळजींचा पट्टा खिडकीशी लोंबत होता. आता बोललं तर आकडा चुकणार, पुन्हा एकपासून मोजावं लागणार. शंभर होऊ देत, मग सांगू, असं म्हणून त्यांनी मान खाली घातली.

एक्क्याण्णवला समोरची बस थांबली.

काकूंच्या खांद्यावर पट्ट्याचा काळानिळा वळ उठला, बाकी काही नाही. घड्याळजींचं डोकं काचेवर आपटलं. तीन आठवड्यांनी ते उठून बसले, पण उजवा हात गेला होता आणि बोलणं गेलं होतं. ज्या हाताने केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली, त्या हातात चमचा राहीना.

लेक दवाखान्यात आली ती गॅरेजमधूनच. तिने लोखंडी टोक टेबलावर ठेवलं.

"हे खटक्यात होतं. बाबांचे उद्योग! सत्तरी उलटली तरी पोरखेळ सुटला नाही."

"मी सांगितलं होतं बंद करायला," काकू म्हणाल्या. "मीच टोचून बोलले. त्यांच्या मनातही नव्हतं."

"आई, तू गप्प बस. त्यांना पाठीशी घालू नकोस."

"अगं, ऐक तरी. त्या दिवशी पट्टा लोंबताना मी पाहिला होता. हुक मोजत होते, म्हणून बोलले नाही."

लेक त्यांच्याकडे वळली. काकूंना वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती जवळ आली, आईच्या खांद्यावरची शाल तिने नीट केली.

"सकाळपासून काही खाल्लंस का तू?" तिने विचारलं.

घरी आणल्यावर घड्याळजींना चाकाच्या खुर्चीत बसवू लागले. ते पुढे कलंडतात म्हणून खुर्चीला कमरेचा पट्टा होता. पहिल्याच दिवशी त्यांचा डावा हात चाचपडत खटक्याशी गेला. बोट बरोबर बटणावर पडलं आणि पट्टा सुटला. काकूंनी शिवणयंत्रावरून उठून तो लावला. घड्याळजींनी सोडला. काकूंनी पुन्हा लावला.

"अहो, पट्टा."

ते बघत राहिले. हसले की काय, कळलं नाही.

काकूंनी यंत्र खुर्चीसमोर ओढून घेतलं आहे. हल्ली त्या काही मोजत नाहीत. टाके मधेच सोडतात, मान वर करतात. दिवसातून चाळीस वेळा, पन्नास वेळा म्हणतात, "अहो, पट्टा." आवाज चढवत नाहीत. घड्याळजींचं बोट पुन्हा बटणाकडे जातं.